ट्रंकेतली लोकर

जुन्या स्वेटरांची लोकर उसवून नवं विणायचं काम मी अठरा वर्षं केलं. त्याच लोकरीमुळे माझ्या भावाच्या मुलीचं बाळ, तिचं पहिलं जिवंत जन्मलेलं मूल, सहाव्या दिवशी मरता मरता वाचलं. विणकाम का सोडलं, असं लोक अजून विचारतात. प्रत्येकाला तोंडी सांगून कंटाळले आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

धारवाडच्या दुकानांत लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. रंग झकास, ऊब बेताची. खरी मेंढीची लोकर आमच्याकडे येते ती परदेशी लोकांनी वापरून टाकलेल्या स्वेटरांतून. दिवाळी झाली की हुबळीत रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या अंथरून त्यांचे ढीग लागतात. लोक ते अंगात घालायला घेतात, मी उसवायला घ्यायचे.

मी पिशवीत काडेपेटी ठेवायचे. शिवणीतून बोटभर धागा उपटायचा आणि तिथेच पेटवायचा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर स्वेटर परत ढिगात. माझा विक्रेता ठरलेला होता. आमचं बोलणं कन्नडमध्ये चालायचं, इथे मराठीत लिहिते.

"अक्कार, स्वेटर घ्यायला आलात की माझा माल जाळायला?" पहिल्या वर्षी तो म्हणाला.

"तुझ्या मालात खरं किती ते बघतेय."

"उलटं करता, सुलटं करता, काखेत बघता. आमच्यात मुलगी बघायला जातात तेव्हापण एवढं बघत नाहीत."

"म्हणूनच पुढे पस्तावतात."

पुढच्या वर्षापासून तो माझ्यासाठी चांगले स्वेटर बाजूला काढून ठेवायला लागला.

काखेत बघायचं कारण शिवण. शिवणीच्या कडेला ओव्हरलॉक मशीनच्या टाक्यांची दाट जाळी दिसली, तर तो स्वेटर कापडासारखा कापून शिवलेला असतो. उसवला तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येतो, आणि हातभर लांबीच्या तुकड्यांचं काही होत नाही. माझे पहिले तीन स्वेटर असेच वाया गेले. हवी ती साखळीची शिवण, जिच्या दोन्ही बाजूंचे काठ अखंड विणलेले असतात. तिचं बरोबर टोक सापडलं की एका ओढीत बाही सुटते. चुकीचं टोक ओढलं तर गाठ आवळत जाते. गरम पाण्यात धुऊन आटलेला स्वेटर घ्यायचाच नाही, त्याचे धागे एकमेकांना कायमचे चिकटलेले असतात. सुटे झालेले भाग गळ्याकडून खाली उसवायचे. स्टूल पालथं घालून त्याच्या चार पायांभोवती धागा गुंडाळत जायचं, लड झाली की चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांधायची. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायची, न पिळता टांगायची, आणि धाग्याचा कुरळेपणा जावा म्हणून खाली अर्धा तांब्या पाणी अडकवायचं. दोन दिवसांत लोकर सरळ होते.

मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाई नाक मुरडायच्या. "कुणाच्या अंगावरचं असेल. मेलेल्या माणसाचं असलं तर?"

"ती मेंढी तरी आता कुठे जिवंत आहे," मी म्हणायचे.

धुतलेल्या लडी ट्रंकेत जायच्या. धारवाडचा पाऊस चार महिने हलत नाही. भिंती ओल्या, कपाटं ओली, आणि लोकरीला कसर लागते. एकदा कसरीनं पाच-सहा लडींची चाळण केली, तेव्हापासून मी ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायला लागले. सढळ हातानं. संपत आल्या की नव्या.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. संप्लवन शिकवताना मी डांबरगोळीच वर्गात नेते. स्थायूचा थेट वायू होतो, मध्ये द्रव होत नाही. गोळी दिवसेंदिवस बारीक होते. मग ती जाते कुठे? मुलं एका सुरात सांगतात, "हवेत, बाई." मी शाबास म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळायचे. हवेतून पुढे ती कुठे जाते, हे कुठल्या मुलानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ट्रंक बंद असली तर ती लोकरीत जाते.

भाचीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती सासरहून, बेळगावहून, लवकरच माहेरी आली. माझा भाऊ हुबळीत केशवापूरला राहतो. त्याची बायको, माझी भावजय, मुलीला तळहातावरच्या फोडासारखी जपत होती. आमच्यात बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं काही लावत नाहीत. जुन्या लुगड्याची दुपटी, धड वाढलेल्या मुलांची मागून आणलेली झबली. घरात एक मूल गेलेलं असलं की हा नियम फारच कडक होतो. नवं आणलं, कौतुक केलं, की दृष्ट लागते. सगळं वापरलेलंच हवं.

भावजयीचा फोन आला. "अक्का, थंडीतलं बाळंतपण आहे. स्वेटर, टोपडं, पायमोजे, एक शाल, सगळं तुम्हीच करायचं. पण दुकानातली लोकर आणू नका हं."

"मग कसली आणू?"

"तुमची ती उसवलेली असते की. त्यातली जुन्यातली जुनी बघून काढा."

"ती कुणाच्या अंगावरची आहे ते मला माहीत नाही."

"वापरलेली आहे ना? मग झालं."

दृष्ट मी मानत नाही. पण जुनी लोकर मऊ असते, म्हणून मला तिचं म्हणणं पटलं. ट्रंकेच्या अगदी तळाशी सायीच्या रंगाची लोकर होती, तीन पावसाळे तिथेच पडलेली. एका जाड पुरुषी स्वेटरची. चार वस्तूंना पुरून थोडी उरली असती. ती काढली.

विणून झालेली वस्तू धुऊन, वाळवून मगच द्यायची, ही माझी पद्धत. पण बाळ पंधरा दिवस आधी आलं. मी नुकत्याच बाह्या जोडल्या होत्या. बाहेर धुकं होतं, धुतलं असतं तर वाळायला दोन दिवस लागले असते, आणि तिकडे मूल उघडं. मी सगळं पिशवीत घातलं आणि बसनं हुबळीला गेले. वास येत होता. मला तो वास स्वच्छतेचा वाटायचा. भावजयीनंही हुंगलं आणि म्हणाली, "बरं झालं, किडामुंगी लागायची नाही."

मुलगा होता. अडीच किलोला थोडा कमी, पण रडका, धडधाकट. भाचीनं स्वतः त्याला स्वेटर घातला. बाही मोठी झाली होती, ती तिनं दोनदा दुमडली.

तिसऱ्या दिवशी दोघं घरी आले. घरी सोडताना दवाखान्यात बजावलं होतं की बाळ पिवळं दिसलं तर लगेच आणा. घरी आल्यावर आमची रीत सुरू झाली. खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी. सकाळी बाळाला तेलानं भरपूर चोळायचं, गरम पाण्यानं न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, स्वेटर-टोपडं-पायमोजे चढवून शालीत घट्ट बांधून ठेवायचं. संध्याकाळी पुन्हा तेल, पुन्हा लोकर. यात भावजयीनं कुठे कसूर केली नाही.

पाचव्या दिवशी रविवार होता, मी गेले. बाळाचे डोळे पिवळे, कपाळ पिवळं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कालपासून जरा. सगळीच पोरं होतात अक्का. ही पण झाली होती. चार दिवस उन्हात धरलं, कावीळ गेली."

भाची म्हणाली, "आत्या, नीट ओढत नाही गं. दोन घोट घेतो की झोपतो. आणि लंगोटावर डाग पडतोय बघ, चहासारखा."

मी डाग बघितला. खरंच चहासारखा होता. मी म्हणाले, "दूध कमी पडतंय, म्हणून लघवी गडद. उठवून उठवून पाज. आणि ऊन दे, उन्हानं कावीळ उतरते."

भाचीनं विचारलं, "दवाखान्यात नेऊ या का?"

"उद्या बघू," मी म्हणाले. भावजयही तेच म्हणाली. दोन मोठ्या बायकांनी सांगितल्यावर तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग मीच त्याला घेऊन गच्चीवर बसले, अर्धा तास. वारा लागू नये म्हणून शालीत गुंडाळून, फक्त तोंड उघडं. थोड्या वेळानं शाल चांगली तापली आणि तिचा वास वाढला. उष्णतेनं संप्लवनाचा वेग वाढतो. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, मुलांकडून वहीत उतरवून घेते, आणि परीक्षेत विचारते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळानं दुधाला तोंड उघडलं नाही. मान मागे टाकून धनुष्यासारखं ताठ व्हायचं आणि मांजराच्या पिल्लासारखं बारीक रडायचं. रिक्षानं त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. भावाचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. निघून थेट तिथे गेले.

काचेच्या पेटीत निळ्या दिव्यांखाली तो उघडा पडला होता, डोळ्यांवर पट्टी. त्याच्या अंगावरून काढलेले कपडे नर्सनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर दिले होते. भावजय भाचीला धरून बसली होती, म्हणून पिशवी माझ्या हातात आली.

डॉक्टर भाचीच्याच वयाची मुलगी होती. कन्नडमध्ये भराभर विचारत होती. घरात आधी कुणा मुलाला अशी कावीळ झाली होती का? आईनं कुठलं औषध घेतलं का? गावठी काही चाटवलं का? मग म्हणाली, "कपड्यांत डांबर गुळिगे ठेवता का?"

"नाही हो," भावजय म्हणाली. "बाळाचं सगळं जुनं, धुतलेलं."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या घरात डांबरगोळ्या नव्हत्याच.

मी पिशवीची गाठ सोडली आणि डॉक्टरपुढे धरली. तिनं नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"किती दिवस गोळ्यांत होतं?"

"तीन पावसाळे."

"धुतलं होतं नंतर?"

"नाही."

"धुऊनही सगळं गेलंच असतं असं नाही," ती म्हणाली. "गाठ मारा. पिशवी या मजल्यावर ठेवू नका."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. काही लोकांच्या रक्तात एक पदार्थ कमी असतो. मुलग्यांत जास्त, आणि तो दोष आईकडून येतो. आयुष्यभर कळतही नाही. पण अशा बाळाच्या अंगात या गोळ्यांची वाफ गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत जातात, त्यातून कावीळ एवढी चढते की मेंदूपर्यंत पोचते. तेल लावलेली कातडी वाफ जास्त ओढून घेते. आता बाळाचं सगळं रक्त बदलायचं. नळीनं थोडं काढायचं, थोडं भरायचं, पुन्हा थोडं काढायचं.

"वाचेल?" भाचीनं विचारलं.

"काल आणलं असतं तर मी हो म्हणाले असते. आज प्रयत्न करते."

डॉक्टर आत गेली. भावजय माझ्याकडे वळली. "अक्का," ती म्हणाली, "तुम्ही शिकवता की हे मुलांना."

त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिला दुसरं काही म्हणायची गरजही नव्हती.

रक्त दोनदा बदललं. दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी त्यानं चमच्यानं दूध घेतलं. डॉक्टर म्हणाली जीव वाचला. मेंदूचं, डोळ्यांचं, कानांचं हळूहळू कळेल. भाची व्हरांड्यात बाकावर बसली होती. मी तिला म्हणाले, "ऊन दे, असं मीच म्हणाले, आणि उद्या बघू हेही."

"मी होते की तिथे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आत्या, तू आत्ता जा. उद्या ये."

मी गेले आणि दुसऱ्या दिवशी आले. पुढचे दोन आठवडे रोज गेले, डबा नेला, धुणं केलं. काम असलं की बोलावं लागत नाही.

घरी ट्रंक तशीच होती. एवढी लोकर नुसती कचऱ्यात टाकली तर कुणीतरी उचलणार, हे मला माहीत होतं. म्हणून दार-खिडक्या उघडून, तोंडाला फडकं बांधून मी प्रत्येक लड बोटाएवढी कापली. चांगल्या कात्रीची धार गेली. कचऱ्याच्या गाडीवरची बाई पोतं उचलताना थांबली.

"अक्का, इतकी चांगली लोकर, आणि कापली? माझ्या सुनेला सातवा लागलाय. दिली असती तर काय झालं असतं?"

"म्हणूनच कापली."

मी तिला गोळ्यांचं सांगायला लागले, पण गाडी पुढे चालली होती. तिनं माझ्याबद्दल काय समजायचं ते समजून घेतलं.

त्याआधी मी ज्यांना ज्यांना बाळाचे स्वेटर दिले होते, त्यांना फोन केले. सगळी पोरं ठणठणीत होती, काही तर कॉलेजात. एक जण हसली. "बाई, आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या ट्रंकेत गोळ्या आहेत. काय झालं आम्हाला?" काही झालं नव्हतं. म्हणून तर कुणी गोळ्या काढत नाही. मी तिला दोन-तीनदा समजावलं. काढते म्हणाली. काढल्या असतील असं वाटत नाही.

बाळ तिसऱ्या महिन्यात हसायला लागलं. मान जरा उशिरा धरली. पण भांडं पडलं तरी तो दचकायचा नाही. भावजय म्हणायची, शांत आहे. भाची काही म्हणायची नाही. तो पाठमोरा असताना ती त्याच्यामागे चमचा वाजवून बघायची, हे मी दोनदा पाहिलं.

पाचव्या महिन्यात तपासणी झाली. झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा चिकटवून. दोन्ही कानांत अगदी मोठा आवाज सोडला तरच थोडं काही उमटतं, एरवी नाही. तपासणाऱ्या बाईंनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "यंत्र लावून बघू. किती उपयोग होईल ते आज सांगता येत नाही. आधी कानांचे साचे घ्यावे लागतील."

त्या दिवशी भाचीची सासू बेळगावहून आली होती. बाहेर बाकावर आम्ही चौघी ओळीनं बसलो होतो. ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "रक्तातली खोट आईकडून येते म्हणे. आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं."

भाचीनं सासरी कावीळ आणि रक्तातला दोष एवढंच सांगितलं होतं. माझं नाव घेतलं नव्हतं. पाच महिने ती हे एकटी ऐकत होती.

मी म्हणाले, "विहीणबाई, ती खोट असून माणसं म्हातारी होतात. मुलाला जी बाधली ती लोकर माझी होती. न धुता मी दिली. पिवळा झाल्यावर दवाखान्यात नेऊ या का म्हणून हिनं विचारलं, तेव्हा थांब म्हणणारी मीच."

"मीपण," भावजय म्हणाली. माझ्या बाजूनं ती तेवढंच बोलली.

विहीणबाई म्हणाल्या, "लोकर तुमची, रक्त हिचं. आणि आमच्या वाट्याला बहिरं पोर."

"तुमच्या वाट्याला नाही," भाची म्हणाली. "उद्यापासून रोज इथे मी आणणार आहे त्याला."

आतून हाक आली. साचा घेताना कानात मऊ लगदा भरतात, तो घट्ट होईपर्यंत मुलाचं डोकं अजिबात हलता कामा नये. भाचीनं त्याला मांडीवर घेतलं, पण लगदा जवळ आला की तिचा हात सुटायचा. भावजय दारातच थांबली.

"आत्या, तू धर," भाची म्हणाली. "तुझे हात हलत नाहीत."

मी खुर्चीवर बसले. त्याचे पाय मांड्यांत दाबले, एक हात कपाळावर, एक हनुवटीखाली. बाईंनी लगदा भरला. तो लालबुंद होऊन किंचाळला, सगळं अंग पिळवटून मान सोडवू बघत होता. पाच महिन्यांच्या मुलात इतकी ताकद असते हे मला ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, अजून थोडं, अजून थोडं. मी डोकं हलू दिलं नाही. साचा निघाला, बाईंनी तो उजेडात धरून बघितला आणि चांगला आलाय म्हणाल्या.

मग मी त्याला फिरवून दुसरा कान वर केला.